खट् आवाज येतो, पण पिकअप सुरू होत नाही: सेल्फ नेमका कुठे अडतो?

किल्ली फिरवली की पिकअप 'खट्' असा एकच आवाज करते आणि गप्प होते. अशा वेळी पहिला संशय जातो तो सेल्फवर, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणाऱ्या विजेच्या मोटरवर. माझाही गेला होता. नवा सेल्फ बसवला, दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा तोच 'खट्'. शेवटी दोष सापडला अर्थच्या केबलमध्ये, म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या केबलमध्ये. वरून काळी, जाड, धडधाकट दिसणारी केबल. टोकाजवळचं रबर कापून पाहिलं तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून त्यांची भुकटी झालेली. सेल्फ बदलताना ती केबल हलली, उरलेल्या चार तारा तात्पुरत्या जुळल्या, म्हणून मधले दोन दिवस मिळाले. काढून ठेवलेला जुना सेल्फ अगदी चांगला होता.

आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, या दोषात एकामागून एक भाग बदलत सुटण्याची गरज नसते. आपले कान, एक साधा मल्टिमीटर आणि किल्ली फिरवायला एक माणूस एवढ्यावर बहुतेक वेळा नेमकी जागा सापडते. त्यासाठी आत काय घडतं ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

बारीक वाट आणि जाड वाट

इंजिन आपलं आपण सुरू होत नाही. सिलिंडरमधली हवा दाबली गेल्याशिवाय इंधनाच्या जळण्याला जोर येत नाही, आणि इंजिन फिरल्याशिवाय हवा दाबली जात नाही. म्हणून पहिले काही फेरे बाहेरून कुणीतरी द्यावे लागतात. पूर्वी माणूस लोखंडी हँडल फिरवून ते द्यायचा, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला इलेक्ट्रिक सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडलचे दिवस भरले. केटरिंग यांनी त्याआधी कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवण्याचं काम केलं होतं. तिथली समज इथे उपयोगी पडली: मोटरला काही क्षणच काम करायचं असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या आकाराच्या मानाने खूप मोठं काम काढता येतं. आजचा सेल्फही तसाच आहे. तो काही सेकंदांसाठी बनवलेला असतो. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबावं. न थांबता मारत राहिलं की आतलं वाइंडिंग (तारेची वेटोळी) तापून जळतं, आणि मूळ दोष किरकोळ असला तरी सेल्फ खरोखरच बदलावा लागतो.

इंजिन फिरवायला या छोट्या मोटरला प्रचंड करंट लागतो. पेट्रोल इंजिनाला साधारण 100 ते 200 अँपिअर, डिझेल पिकअपला 200 ते 400, आणि मोटर थांबलेल्या स्थितीतून हलते त्या पहिल्या क्षणाला त्याहूनही जास्त. तुलनेसाठी, दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपिअर घेतात. किल्लीच्या स्विचमधून एवढा करंट गेला तर स्विच वितळेल. म्हणून गाडीत दोन वेगळ्या वाटा केलेल्या असतात.

बारीक वाट हुकूम देते. बॅटरीतून किल्लीच्या स्विचकडे, तिथून क्लचच्या किंवा न्यूट्रलच्या स्विचमधून, रिलेमधून (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) आणि शेवटी सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडपर्यंत. जाड वाट काम करते. बॅटरीच्या प्लसपासून जाड केबलने सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टपर्यंत, आतल्या तांब्याच्या संपर्कातून मोटरच्या कार्बनमध्ये (फिरत्या भागाला टेकून वीज देणारे तुकडे), कार्बनमधून आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, मग सेल्फच्या बॉडीतून इंजिनात आणि इंजिनातून अर्थच्या केबलने परत बॅटरीच्या मायनसला. परतीचा हा प्रवास लोक विसरतात. जेवढा करंट प्लसने बाहेर पडतो तेवढाच मायनसने परत यावा लागतो, नाहीतर तो निघतच नाही.

या दोन वाटांच्या सांध्यावर सोलेनॉइड बसलेला असतो. बारीक वाटेने वीज आली की त्यातलं विद्युतचुंबक एक लोखंडी दांडा खेचून घेतं. दांडा एका टोकाने सेल्फचा छोटा गियर फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दात्यांमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या टोकाने तांब्याची चकती दोन बोल्टांवर दाबून जाड वाट जोडतो. आपल्याला ऐकू येणारा 'खट्' हा त्या दांड्याचा आवाज असतो.

म्हणजे तो आवाज आला याचा अर्थ बारीक वाटेने हुकूम पोहोचवला. किल्ली, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), क्लचचा स्विच, रिले हे सगळं सहसा ठीक आहे. शोधायचं ते जाड वाटेवर.

कोणता आवाज?

किल्ली फिरवताना बॉनेट उघडं ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी ऐकायला उभं करा. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड लावलेले.

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते ती तडतड: खट्-खट्-खट्-खट्, शिलाई मशीनसारखी जलद. तिच्या मागची गोष्ट मला फार सुरेख वाटते. सोलेनॉइडमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जोरदार, दांडा खेचून घेणारं. दुसरं हलकं, खेचलेला दांडा नुसता धरून ठेवणारं. जाड वाट जोडली गेली की खेचणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि ते आपोआप बंद पडतं. पुढे दांडा सांभाळायचा तो एकट्या धरणाऱ्या वेटोळ्याने. आता बॅटरी उतरलेली आहे असं धरा. सोलेनॉइडला थोडाच करंट लागतो, तेवढा ती देते. दांडा खेचला जातो, चकती टेकते, मोटर शेकडो अँपिअर मागते आणि त्याच क्षणी व्होल्टेज धाडकन कोसळतं. धरणाऱ्या वेटोळ्यात जीव राहत नाही, स्प्रिंग दांड्याला मागे लोटते, चकती सुटते. भार गेला, व्होल्टेज वर आलं, दांडा पुन्हा खेचला गेला. सेकंदाला अनेकदा हेच चालतं. तडतड म्हणजे करंट पुरत नाही, ही जवळजवळ खात्रीची खूण. बॅटरी उतरली असेल किंवा तिच्यापासून सेल्फपर्यंत कुठेतरी जोड बिघडला असेल. बॅटरी भरलेली, सगळे जोड उत्तम आणि तरीही तडतड, असं झालं तर धरणारं वेटोळंच तुटलेलं असू शकतं. ते क्वचित घडतं.

एकच भारी 'खट्' आणि मग शांतता असेल तर दांडा खेचला गेला आहे आणि खेचलेलाच राहिला आहे, पण मोटर फिरत नाही. इथे शक्यता जास्त: संपर्क जळलेले, कार्बन संपलेले, केबल तुटलेली, किंवा इंजिनच जाम.

तिसरा आवाज फसवा असतो. फ्यूजबॉक्समधून येणारी बारीक, हलकी 'टिक्'. ती रिलेची असते. सेल्फकडून काहीच आवाज नाही आणि नुसती रिले वाजते, तर दोष बारीक वाटेवर आहे. पुढच्या बऱ्याच गोष्टी मग लागू होत नाहीत. डिझेल पिकअपमध्ये आणखी एक गंमत आहे: ग्लो प्लगची (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगची) रिले किल्ली चालू केल्यावर काही सेकंदांनी आपली आपण वाजते. तिचा या दोषाशी संबंध नाही.

आतले दिवे लागतात, मग बॅटरी चांगलीच असणार

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की इथे जरा थांबायलाच हवं, कारण चुकीची बहुतेक निदानं इथूनच सुरू होतात.

बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून तिथे 0.02 ओहम इतका अडथळा तयार झाला आहे असं समजा. आकडा नगण्य वाटतो. केबिनमधला दिवा साधारण 0.4 अँपिअर घेतो. करंट गुणिले अडथळा म्हणजे त्या जोडावर वाया गेलेलं व्होल्टेज: 0.008 व्होल्ट. दिव्याला काही फरक पडत नाही. हेडलाइटचे 10 अँपिअर धरले तर 0.2 व्होल्ट गेलं. तेही डोळ्याला कळणार नाही. सेल्फने 200 अँपिअर मागितले की त्याच जोडावर 4 व्होल्ट जातात. बाराच्या बॅटरीतून सेल्फपर्यंत आठ पोहोचतात, आणि उरलेल्या चार व्होल्टांची 800 वॅट उष्णता त्या एवढ्याशा जोडावर निघते. म्हणूनच सेल्फ मारल्यावर खराब टर्मिनल हाताला गरम लागतं.

दिवे, हॉर्न, रेडिओ हे सगळे बारीक घोटाने पाणी पिणारे. अर्धी तुंबलेली नळीही त्यांना पुरते. जाड वाटेची परीक्षा फक्त जाड करंटच घेतो.

बॅटरीच्या आतही हेच. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव. 11.9 च्या खाली ती उतरलेलीच धरा. आकडा साडेदहाच्या आसपास अडकून बसत असेल तर एक सेल मेलेला असण्याची दाट शक्यता. पण जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसलेला असतो, प्लेटांवरचा माल झडलेला असतो. अशी बॅटरी चार्ज केल्यावर 12.6 दाखवते आणि सेल्फ मारताच आठवर येते. व्होल्टेज आहे, पण करंट देण्याची ताकद नाही. थंडीत ही ताकद आणखी घटते, कारण आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरायला जड झालेलं असतं. बॅटरीवर छापलेला सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हा आकडा याच ताकदीचा: उणे 18 अंश सेल्सियसला, 30 सेकंद, व्होल्टेज 7.2 च्या खाली न जाऊ देता ती किती अँपिअर देऊ शकते.

आधी हात, मग मीटर

मीटर काढण्याआधी हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे पार विझले किंवा अगदी मंद झाले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे जराही न हलता तसेच प्रखर राहिले आणि फक्त 'खट्' झालं, तर जाड वाटेतून करंट जातच नाहीये: ती कुठेतरी तुटलेली आहे. थोडेसे मंद होऊन तिथेच राहिले, तर मोटर करंट घेतेय पण फिरत नाहीये.

मग टर्मिनल. बॅटरीच्या खुंटावरचा क्लँप हाताने पिळून बघा. तो जरासुद्धा फिरता कामा नये. पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसत असेल तर काढून साफ करायचीच. पण भुकटी दिसत नाही म्हणून जोड चांगला असं समजू नका. खुंट आणि क्लँप यांच्यामध्ये काळपट पातळ थर बसतो, तो क्लँप काढल्याशिवाय दिसत नाही. खुंट आणि क्लँपची आतली बाजू तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासा. भुकटी जास्त असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफस थांबली की साध्या पाण्याने धुवा; ते पाणी सेलच्या बुचांमधून आत जाऊ देऊ नका. घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा, आधी नको.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. कारण सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लस सोडवणारा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्टसर्किट. हातातली अंगठी, धातूचं कडं काढून ठेवा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते.

जंपर केबलने दुसऱ्या गाडीची मदत घेताना क्रम असा: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच, ती बॅटरीच्या डोक्यावर उडू नये एवढ्यासाठी. दुसऱ्या गाडीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. मोठ्या ट्रकची यंत्रणा अनेकदा 24 व्होल्टची असते; तिच्यावरून 12 व्होल्टच्या पिकअपला कधीही जोडू नका. काही डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. त्यातली एक मेली की ती दुसरीलाही रात्रभर शोषत राहते, म्हणून त्या सुट्या करून वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

जंपर लावल्यावर इंजिन जोरात फिरलं तर दोष बॅटरीत, तिच्या क्लँपवर किंवा अर्थच्या केबलमध्ये, कारण काळा चिमटा थेट इंजिनावर लावलेला असतो. काहीच फरक पडला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नका. बाजारू बारीक जंपर केबलमधून डिझेल इंजिनाला लागणारा करंट जाऊच शकत नाही.

मीटरने नेमकी जागा पकडणे

इथे एक चूक जवळपास सगळे करतात: मीटर ओहमवर ठेवून केबलची दोन टोकं तपासतात आणि 'शून्य दाखवतोय, केबल ठीक आहे' म्हणतात. शंभर तारांच्या केबलमधली एक तार शाबूत असली तरी मीटर शून्यच दाखवणार. 0.02 ओहम साध्या मीटरला दिसत नाही. आपल्याला हवं आहे ते भार असताना प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट हरवतात ते.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. आधी दोन्ही टोकं बॅटरीच्या खुंटांवर, म्हणजे क्लँपवर नको, थेट शिशाच्या खुंटावर. मदतनीसाला किल्ली फिरवायला सांगा आणि आकडा बघा. या एका आकड्यात निम्मी गोष्ट असते. तो 9.6 च्या बराच खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे, किंवा मोटर वाजवीपेक्षा जास्त करंट खेचते आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तो 12 च्या वरच राहिला तर बॅटरीकडून कुणी काही मागितलंच नाही, म्हणजे पुढे वाट तुटलेली आहे किंवा एखाद्या जोडाने करंट अडवून धरला आहे. आणि दहा-अकराच्या दरम्यान येऊन थांबला, मोटर मात्र हलत नाही, तर करंट भरपूर जातोय आणि काहीतरी अडकलं आहे.

मग प्लसची बाजू. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळं टोक सेल्फवरच्या मोठ्या बोल्टवर, जिथे जाड केबल येते. किल्ली फिरवलेली असताना 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. नंतर मायनसची बाजू: लाल टोक सेल्फच्या बॉडीवर घासून टेकवलेलं, काळं बॅटरीच्या मायनस खुंटावर. इथे 0.3 च्या वर गेलं तर अर्थ खराब. जास्त आकडा मिळाला की एकेक जोड पार करत टोक पुढे सरकवा: खुंट ते क्लँप, क्लँप ते केबलचा थिंबल (टोकाची धातूची कडी), थिंबल ते बोल्ट. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तोच गुन्हेगार.

एक सावधगिरी: करंट वाहत असतानाच हे मोजमाप खरं बोलतं. सेल्फ आतून तुटलेला असेल तर करंट शून्य, आणि मग सडलेल्या केबलवरही हरवलेलं व्होल्टेज शून्यच दिसेल. म्हणून बॅटरीचा आकडा आणि हे आकडे नेहमी एकत्र वाचायचे.

पिकअपचं अर्थिंग

पिकअपमध्ये अर्थचा त्रास जास्त का, हे तिच्या बांधणीत आहे. बहुतेक पिकअपची चासी वेगळी आणि केबिन वेगळी असते. इंजिन रबरी माउंटिंगवर तरंगतं, केबिनही रबरी पॅडवर बसलेली असते. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीपासून इंजिनाला, इंजिनापासून चासीला, चासीपासून केबिनला अशा सुट्या अर्थपट्ट्या लागतात. माल लादून खडबडीत रस्त्यावर धावताना इंजिन सतत डुलतं, पट्टी प्रत्येक डुलण्याला वाकते, आणि खाली चिखल-पाणी उडत असतं. इंजिनाची मुख्य अर्थपट्टी गेली की करंट दुसरी वाट शोधतो: क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, गियरची केबल. सेल्फ मारल्यावर यातली एखादी केबल गरम झाली किंवा तिचं आवरण वितळलेलं दिसलं तर अर्थ गेला आहे हे ठामपणे समजा.

याची एक सोपी परीक्षा आहे, आणि ती मला त्या पहिल्या वेळी माहीत हवी होती. एक जाड जंपर केबल घ्या. एक चिमटा आपल्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनावरच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूला. सेल्फ मारा. इंजिन एकदम जोमाने फिरलं तर अर्थची केबल बदला, बाकी कशाला हात लावू नका. नवी केबल लावताना बोल्टाखालचा रंग आणि गंज खरवडून काढा. रंगावर बसवलेला अर्थ म्हणजे पुन्हा तोच दोष.

सेल्फच्या आत

वाटा स्वच्छ निघाल्या तर मग सेल्फची पाळी. सोलेनॉइडवर दोन मोठे बोल्ट असतात: एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यावरून जाडसर वायर मोटरमध्ये जाते. किल्ली फिरवलेली असताना पहिल्यावर बारा आणि दुसऱ्यावर जवळपास शून्य, तर आतले तांब्याचे संपर्क जळले आहेत. दर वेळी चकती टेकताना आणि सुटताना ठिणगी उडते, तांबं खड्ड्याखड्ड्यांचं होतं, आणि एके दिवशी टेकूनही जोडत नाही. 'दहा वेळा किल्ली फिरवली की अकराव्यांदा लागते' ही तक्रार याचीच. चकती दर वेळी थोडी फिरून बसते, कधी तरी चांगली कड समोर येते. अनेक सेल्फमध्ये नुसते हे संपर्क बदलता येतात.

दुसऱ्या बोल्टवरही बारा आलं, अर्थ चांगला आहे आणि मोटर ढिम्म, तर कार्बन झिजलेत किंवा अडकलेत. सेल्फवर हळूच ठोकल्याने गाडी लागते ती यामुळे: अडकलेला कार्बन सुटून आर्मेचरला टेकतो. अडलेल्या ठिकाणाहून निघण्यापुरतं हे ठीक, पण लाकडाने, हलक्या हाताने. पुष्कळ आधुनिक सेल्फमध्ये ठिसूळ कायमचुंबक चिकटवलेले असतात. हातोड्याच्या घावाने ते तडकतात.

आणि बारीक वाटेला पूर्ण माफी देण्याआधी सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर एकदा मीटर लावा. बॅटरीवर बारा असताना इथे नऊ-दहा मिळत असतील तर किल्लीचा स्विच किंवा रिले झिजली आहे आणि दांडा अर्धवटच खेचला जातोय. पान्याने दोन टर्मिनल शॉर्ट करून सेल्फ फिरवण्याची पद्धत मात्र सोडून द्या. तिने क्लचचा आणि न्यूट्रलचा स्विच वगळला जातो. गाडी गियरमध्ये राहिलेली असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

इंजिनच अडलं असेल तर

बॅटरी उत्तम, आकडा दहा-अकरावर थांबतोय, एकच भारी 'खट्'. आता सेल्फ मारणं थांबवा. बॅटरीचा मायनस काढा आणि क्रँकशाफ्टच्या पुलीचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून बघा. जड पण सलग फिरायला हवा. अजिबात हलत नसेल तर आधी बेल्ट काढून पुन्हा बघा. जाम झालेला एसी कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटरही (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) इंजिनाला धरून ठेवतो. बेल्ट काढल्यावर फिरलं तर सुटलात.

गाडी नुकतीच खोल पाण्यातून गेली असेल, तर हे सगळं सोडून एकदाही सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढायचे, मग हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं.

गाडी लागली, पण बॅटरी उतरली कशाने?

इंजिन चालू असताना बॅटरीच्या खुंटांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. तेरापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा त्याची वायर बघा. आकडा बरोबर असेल तर गळती शोधायची. बंद गाडीही थोडा करंट घेते, साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत. त्या हिशोबाने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, आणि 60 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला पंचवीस दिवस लागतात. डॅशबोर्डच्या कप्प्यातला 5 वॅटचा एक दिवा चालू राहिला तर तेवढंच काम तीन दिवसांत होतं. पिकअपला नंतर जोडलेल्या गोष्टी जास्त असतात: ट्रेलरची वायरिंग, जादा दिवे, विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), इन्व्हर्टर. यातलं बरंचसं थेट बॅटरीवर जोडलेलं असतं, किल्लीच्या मागे नसतं, म्हणून शोध तिथून सुरू करा.

मोजायचं असं: गाडी बंद, दारं बंद, किल्ली बाहेर. मायनसचा क्लँप काढून खुंट आणि क्लँप यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावा आणि अर्धा तास थांबा, कारण आजच्या गाड्यांचे कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. या काळात किल्ली लावू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा 0.05 च्या वर राहिला तर आधी बॅटरीवर थेट जोडलेल्या वायर एकेक करून सोडा, मग फ्यूजबॉक्समधला एकेक फ्यूज काढा आणि परत लावा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या फ्यूजवर काय काय चालतं ते झाकणावरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं.